पान आणि पीठ

फाल्गुनी चौमासी आली की गिरगाव, भुलेश्वर, लालबाग आणि दादर या भागांतील अनेक श्वेतांबर जैन घरांत मेथी-पालकाच्या जुड्या येणे थांबते. कार्तिकी चौमासीपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ महिने, पालेभाजी स्वयंपाकघरात शिरत नाही. दिगंबर घरांत हा नियम मुख्यत्वे पावसाळ्याच्या चातुर्मासात पाळला जातो. याखेरीज बीज, पंचमी, अष्टमी, एकादशी आणि चतुर्दशी या पर्वतिथींना अनेक कुटुंबे कोणतीच हिरवी भाजी खात नाहीत. पानांच्या आश्रयाने राहणाऱ्या जीवांची विराधना टळावी, हा त्यामागील भाव आहे. पावसाळ्यात दादरच्या बाजारातील एखादी जुडी उघडून पाहिली तर तो भाव समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

मात्र याच महिन्यांत घराघरांत एक संवाद हमखास ऐकू येतो. सुनेच्या रक्ततपासणीचा कागद आलेला असतो आणि त्यात हिमोग्लोबिन कमी दिसते. "आई, डॉक्टरांनी पालेभाजी वाढवायला सांगितली आहे," असे ती हळूच म्हणते. सासूबाई धीर देतात, "पालक नाही तर नाही, सूनबाई. बाजरीची भाकरी आहे ना! रोज दोन भाकऱ्या खा, रक्त आपोआप वाढेल." दोघींचेही म्हणणे मनापासूनचे असते. प्रश्न इतकाच, की पानाचे काम पीठ करू शकते का? केले तर कोणते करते आणि कोणते करीत नाही?

ओला माल आणि सुका माल

व्यापारी घराला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. ओल्या मालाचे आणि सुक्या मालाचे वजन एका तराजूत घालून भाव ठरवता येत नाही. शंभर ग्रॅम पालकात सुमारे नव्वद ग्रॅम पाणीच असते. बाजरीच्या शंभर ग्रॅम पिठात पाणी जेमतेम नऊ ग्रॅम. त्यामुळे किलोमागे किती पोषण, असा हिशेब केला तर पीठ जवळजवळ प्रत्येक वेळी जिंकेल आणि त्या जिंकण्याला काही अर्थ नसेल. खरा हिशेब ताटाचा आहे. सुदैवाने येथे तो सोपा आहे. मध्यम आकाराच्या दोन भाकऱ्यांना साधारण शंभर ग्रॅम पीठ लागते आणि शंभर ग्रॅम पालक शिजला की त्याची एक लहान वाटी होते. दोन भाकऱ्या आणि एक वाटी भाजी हे एका माणसाचे रोजचेच जेवण आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांच्या आधारे दोन्ही पारडी अशी दिसतात.

दोन भाकऱ्यांतून सुमारे ३५० कॅलरी, ११ ग्रॅम प्रथिने आणि साडेअकरा ग्रॅम तंतू मिळतात. पालकाच्या वाटीतून सुमारे २४ कॅलरी, २ ग्रॅम प्रथिने आणि अडीच ग्रॅमच्या आत तंतू. ऊर्जा, प्रथिने, तंतू या तिन्ही बाबतींत भाकरी पुष्कळ पुढे आहे.

लोहाच्या बाबतीत निकाल अनेकांना चकित करील. बाजरीत ते सुमारे ६.४ मिलिग्रॅम, तर पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम. म्हणजे रक्तवाढीसाठी ज्या पालकाचा लौकिक आहे, त्याच्या दुप्पट लोह भाकरीत असते. सासूबाईंचे म्हणणे निराधार नाही. मेथीच्या पानांत मात्र लोह सुमारे ५.७ मिलिग्रॅम असल्याने ती बाजरीच्या जवळ पोहोचते.

कॅल्शियम पालकात सुमारे ८२ मिलिग्रॅम आणि बाजरीत २७. पण पालकातील ऑक्झॅलेट त्या कॅल्शियमला बांधून ठेवते आणि शरीराच्या वाट्याला त्यातले फारच थोडे येते. येथे दोघांनाही मागे टाकणारे तिसरे पीठ आहे ते नाचणीचे. तिच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांच्या घरी नाचणीची भाकरी नित्याची होती; शेजारच्या जैन घरांनी तिच्याकडे गरिबाचे धान्य म्हणून पाहिले असेल, तर ती चूक आता सुधारण्यासारखी आहे.

यापुढे मात्र पारडे फिरते. क जीवनसत्त्व पालकात सुमारे ३० मिलिग्रॅम असते, बाजरीत ते नाही. अ जीवनसत्त्व ज्यापासून तयार होते ते बीटा कॅरोटीन पालकात विपुल आहे, बाजरीत नाममात्र. आणि फोलेट हे ब गटातील जीवनसत्त्व पालकात सुमारे १४२ मायक्रोग्रॅम, तर बाजरीत केवळ ३६. भाकरीने पालकाची बरोबरी करायची तर एका दिवसात आठ भाकऱ्या खाव्या लागतील.

रक्त तयार होण्यासाठी लोह लागते, तसेच फोलेटही लागते. एक असून दुसरे नसेल तर काय होते, याचा उलगडा ज्या शहरात झाला ते शहर मुंबईच आहे.

परळमधील एक शोध

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. त्याच वर्षी गिरणगावात सहा महिन्यांचा प्रदीर्घ संप झाला होता. विल्स यांना शोधायचे होते ते गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका जीवघेण्या पंडुरोगाचे कारण. कापड गिरण्यांत राबणाऱ्या आणि इतर गरीब घरांतील स्त्रियांत हा आजार दिसे. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. परळच्या हाफकिन संस्थेत आणि कामा रुग्णालयाच्या सहकार्याने विल्स यांनी काम सुरू केले. जंतुसंसर्ग हे कारण नाही, हे लवकरच स्पष्ट झाले. मग त्यांनी या स्त्रिया काय खातात याची नोंद घेतली. त्या जेवणात फळे, भाज्या आणि प्रथिने फारच तुटपुंजी आढळली.

त्या काळी मोठ्या पेशींच्या पंडुरोगावर प्राण्यांच्या यकृताचा अर्क देत. विल्स यांनी स्वस्त पर्याय म्हणून मार्माइट, म्हणजे यीस्टचा अर्क, देऊन पाहिला आणि स्त्रियांचे रक्त झपाट्याने सुधारू लागले. हे निष्कर्ष १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. पुढे असेही दिसले, की यकृताचा जो शुद्ध केलेला अर्क एका प्रकारच्या पंडुरोगावर गुणकारी ठरे, तो या स्त्रियांना उपयोगी पडत नाही. यीस्टचा अर्क मात्र पडतो. म्हणजे रक्ताला लागणारी द्रव्ये निदान दोन होती आणि एकाची जागा दुसरे घेत नव्हते. यीस्टमधील अज्ञात द्रव्याला कित्येक वर्षे 'विल्स घटक' म्हणत.

१९४१ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी हे द्रव्य वेगळे काढले, ते चार टन पालकाच्या पानांतून. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात. त्यावरून नाव पडले फोलिक आम्ल. ज्या द्रव्याच्या अभावाने परळ-लालबागच्या माता दगावत होत्या, त्याच्या नावातच पान आहे. दुसरे द्रव्य १९४८ मध्ये हाती लागले. त्याला आज बी-१२ जीवनसत्त्व म्हणतात.

नियम राहील, उणीवही भरेल

पान सोडल्याने ताटातून फोलेट, कॅरोटीन आणि क जीवनसत्त्व या तीन गोष्टी कमी होतात. नियम पाळणाऱ्या घराने त्या तिन्ही दुसरीकडून आणल्या, तर व्रतालाही बाधा येत नाही आणि शरीरालाही. उणीव माहीत नसणे हाच खरा धोका आहे. फोलेटचा शरीरातील साठा काही महिनेच पुरतो. ऐन गरोदरपणात तो त्याहून लवकर संपतो.

फोलेटची उणीव पीठ भरून काढीत नाही. ती कडधान्ये भरून काढतात. अख्ख्या मुगाच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे १४५ आणि हरभऱ्याच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे २३० मायक्रोग्रॅम फोलेट असते. चवळीही हरभऱ्याच्या पंक्तीतली आहे. प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस २२० मायक्रोग्रॅमची आहे. दिवसभरात दोन भाकऱ्या, एका वेळी पन्नास ग्रॅम मूग आणि दुसऱ्या वेळी पन्नास ग्रॅम हरभरे किंवा चवळी घेतली, तर कच्च्या मालाच्या हिशेबाने तो आकडा गाठला जातो. शिजवताना फोलेटचा काही भाग नष्ट होतो आणि काही पाण्यात उतरतो. म्हणून कडधान्य शिजवलेले पाणी फेकून न देता ओसामण किंवा कढण करून घ्यावे. ही जुनी पद्धत आजही तितकीच योग्य आहे. ज्या घरांत मोड आलेले धान्य अनंतकाय म्हणून वर्ज्य आहे, त्यांनी ते भिजवून, मोड येण्याआधी शिजवावे. द्विदलाबरोबर कच्चे गोरस घेऊ नये, हा नियम सांभाळायचा तर ताक-दही तापवून घेण्याची रीत घरोघरी माहीत आहेच. तिथी नसेल त्या दिवशी भेंडी आणि गवार यांसारख्या फळभाज्या फोलेटच्या वाट्यात भर घालतात.

आयंबिलाचे ताट या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तूप, तेल, दूध, साखर, मसाला आणि हिरवी भाजी या सगळ्यांचा त्याग करूनही तेथे धान्याबरोबर कडधान्य असते. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील ओळीचे नऊ दिवस निरोगी माणूस त्यावर निभावून नेतो. लोह, प्रथिने आणि फोलेट त्यातून मिळतात. अ, क आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे मिळत नाहीत. म्हणून पारण्यानंतरचे दिवस महत्त्वाचे. ओळी संपल्यावर पहिल्याच दिवशी तळण आणि मिठाई यांवर भर देण्याऐवजी दूध, फळे आणि भाज्या यांना मान मिळावा.

कॅरोटीनसाठी गाजर हा कंद म्हणून मार्ग बंद आहे आणि आर्द्रा नक्षत्र लागल्यावर अनेक घरांत आंबाही बंद होतो. पण लाल भोपळा आणि पिकलेली पपई उरतात. अ जीवनसत्त्व तुपातूनही येते. क जीवनसत्त्वासाठी लिंबू, टोमॅटो, ढोबळी मिरची, पपई, आवळा यांपैकी जे घराच्या मर्यादेत बसेल ते घ्यावे, आणि शक्यतो जेवणाच्या वेळीच घ्यावे.

या शेवटच्या सूचनेला कारण आहे. बाजरीतील लोह आकड्यात मोठे असले तरी धान्यातील फायटेट त्याला अडवून धरते आणि त्याचा लहानसा भागच रक्तापर्यंत पोहोचतो. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व असेल तर हे शोषण वाढते. वरणावर पिळलेल्या लिंबाचे काम केवळ चवीचे नाही. याउलट जेवणाबरोबर किंवा लगेच मागोमाग घेतलेला चहा लोहाचे शोषण कमी करतो. पेढीवर जेवण होताच चहाचा पेला येण्याची जी सवय आहे, ती तास-दीड तासाने पुढे ढकलली तरी पुष्कळ साधते. चौविहार पाळणाऱ्यांचे दोन्ही वेळचे जेवण सूर्यास्ताआधी होत असल्याने चहाची वेळ ठरवताना थोडे अधिक लक्ष द्यावे लागेल.

गिरणी आणि मर्यादा

लालबागेत 'गिरणी' या शब्दाचे दोन अर्थ होते. कापडाच्या गिरण्यांचे भोंगे थांबले. पिठाच्या गिरण्या गल्लोगल्ली अजून चालू आहेत. बाजरीच्या बाबतीत ही शेजारची गिरणी मोलाची आहे. बाजरीत सुमारे साडेपाच टक्के स्निग्धांश असतो, ज्वारीच्या जवळजवळ तिप्पट. दळल्याबरोबर त्या स्निग्धांशावर धान्यातीलच पाचकद्रव्याची आणि हवेची क्रिया सुरू होते आणि थोड्याच दिवसांत पीठ कडवट होते. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसांची सांगितली जाते. ती जीवोत्पत्तीच्या विचाराने सांगितली आहे; पण ती पाळणाऱ्या घराला बाजरीची कडवट भाकरी सहसा खावी लागत नाही, हेही खरे. थोडे थोडे दळून आणणे हे धर्मालाही धरून आहे आणि जिभेलाही.

पीठ चाळताना मात्र एक चूक सर्रास होते. जयणेसाठी पीठ चाळलेच पाहिजे, परंतु चाळणीत राहिलेला कोंडा नीट पाहून पुन्हा पिठात मिसळता येतो. कोंडा गेला की त्याबरोबर तंतू आणि लोहही जाते. गव्हाच्या कणकेत तंतू सुमारे ११ ग्रॅम आणि लोह सुमारे ४ मिलिग्रॅम असते. मैद्यात ते अनुक्रमे पावणेतीन ग्रॅम आणि पावणेदोन मिलिग्रॅम एवढेच उरते. फोलेटही निम्म्याच्या आसपास येते. आठ महिने पालेभाजी न खाणाऱ्या घराचे त्या त्यागाने जेवढे नुकसान होत नाही, तेवढे कधी कधी खारी, टोस्ट आणि मैद्याच्या नाश्त्याने होते. त्यागाचा दोष नसतो; त्यागाच्या शेजारी आपण काय ठेवतो याचा असतो.

गोळी कधी

आता त्या सुनेकडे वळायला हवे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हा प्रश्न फक्त गरिबांचा राहिलेला नाही. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली गेले, तर तो रक्तक्षय समजला जातो. असा कागद हाती आल्यावर तो केवळ भाकरीवर किंवा केवळ पालकावर सोपवू नये. गरोदरपणात फोलेटची रोजची शिफारस ५७० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. ती पुरी करायची तर रोज चारशे ग्रॅम पालक खावा लागेल. पालेभाजी खाणाऱ्या घरातही कोणी तेवढी खात नाही. म्हणूनच शासनाच्या कार्यक्रमात गरोदर स्त्रीला ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेली गोळी १८० दिवस दिली जाते. ती घेणे म्हणजे घरच्या अन्नावर अविश्वास दाखवणे नव्हे.

फोलिक आम्लाची गोळी मूल होऊ देण्याचा विचार सुरू होताच, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तेव्हा अनेकींना गर्भ राहिल्याचे कळलेलेही नसते. आधीपासून घेतलेल्या फोलिक आम्लाने या नळीचे दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासाने सिद्ध केले. लग्नाच्या खरेदीच्या याद्या चार-चार महिने आधी होतात. त्यांत ही एक ओळ सहज बसेल.

आणि शेवटी ते दुसरे द्रव्य, बी-१२. येथे पान आणि पीठ दोघेही रिकाम्या हाताचे आहेत. शाकाहारात ते दूध, दही, पनीर यांतूनच येते. दूध बेताचे किंवा बंद असलेल्या घरांत त्याची उणीव हळूहळू, कित्येक वर्षांत दिसू लागते: थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा. ज्येष्ठांत ही लक्षणे वयावर ढकलली जातात. एक धोका विशेष लक्षात ठेवावा. बी-१२ कमी असताना केवळ फोलिक आम्ल घेत राहिले तर रक्ताचा अहवाल सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. म्हणून दीर्घकाळ गोळ्या घेण्याआधी दोन्हींची तपासणी करून घ्यावी. बी-१२ साठी जिलेटिनच्या कवचाची कॅप्सूल टाळायची असेल तर साधी गोळी मागता येते. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

सासूबाई आणि सूनबाई यांच्या संवादात चूक कोणाचीच नव्हती. भाकरीत लोह आहे, हे सासूबाईंना ठाऊक होते. पानात असे काही आहे जे भाकरीत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक होते. दोघींच्या मध्ये मुगाची वाटी, लिंबाची फोड आणि एक लहानशी गोळी ठेवली, की नियमही राहतो आणि रक्तही वाढते. कार्तिकी चौमासी उलटल्यावर दादरच्या बाजारातून पहिली मेथीची जुडी घरी येईल, तेव्हा ती नीट निवडून, जीवजंतू पाहून, बाजरीच्या गरम भाकरीबरोबर जरूर खावी. चार महिने पान आणि पीठ एकाच ताटात असतात. उरलेल्या आठ महिन्यांत पानाची जागा रिकामी राहू न देणे एवढेच घरच्या गृहिणीच्या, आणि तिच्या इतकेच घरातील पुरुषांच्याही, हाती आहे.